देशाचे दार आणि कामाचे दार

कायम वास्तव्यासाठी येऊ इच्छिणाऱ्या परकीयांची निवड करण्यासाठी कॅनडाने १९६७ साली गुणपद्धती स्वीकारली, तेव्हा ती जगात अभिनव होती. अर्जदाराचा वर्ण, वंश वा जन्मदेश न पाहता त्याचे शिक्षण, वय, व्यवसायातील कौशल्य व भाषेचे ज्ञान यांना गुण द्यावयाचे आणि ठरावीक गुण मिळविणाऱ्यास प्रवेश द्यावयाचा, असे तिचे स्वरूप होते. पुढे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आदी देशांनीही तिचा कित्ता गिरविला. या पद्धतीची कोष्टके मध्यंतरी अनेकदा बदलली. २०१५ पासून ‘एक्स्प्रेस एन्ट्री’ या नावाने ती संगणकावर चालते आणि अर्जदारांची जास्तीत जास्त १२०० गुणांच्या मोजमापाने क्रमवारी लावली जाते. देशाला उपयोगी पडतील अशी शिकली-सवरलेली माणसे पारखून घ्यावयाची, ही मूळ कल्पना मात्र कायम आहे.

अशा रीतीने पारखून घेतलेल्या माणसांचे पुढे काय होते, हा प्रश्न तितक्याच आस्थेने विचारला जात नाही. २०२१ च्या जनगणनेनुसार कॅनडाच्या लोकसंख्येत बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांचे प्रमाण २३ टक्के होते आणि त्याआधीच्या पाच वर्षांत आलेल्यांत भारतात जन्मलेल्यांचा वाटा सर्वांत मोठा, म्हणजे १८.६ टक्के होता. त्याच जनगणनेतून दुसरा एक आकडा पुढे आला. परदेशी विद्यापीठाची पदवी असलेल्या स्थलांतरितांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक लोक, ज्यांना फार तर बारावीपर्यंतचे शिक्षण पुरे, अशी कामे करीत होते. कॅनडात जन्मलेल्या किंवा तेथेच पदवी घेतलेल्या लोकांत हे प्रमाण जवळपास निम्मे होते. जी पदवी पाहून देशाने माणसाला आत घेतले, ती पदवी त्या देशाच्या बाजारात निम्मीअर्धी निरुपयोगी ठरते, असा याचा अर्थ होतो. पुण्या-मुंबईच्या, नाशिक-नागपूरच्या ज्या घरांतून मुलगा वा मुलगी तिकडे गेली आहे, त्या घरांना ही गोष्ट नवी नाही. ती फक्त पत्रांतून आणि फोनवर फारशी बोलली जात नाही.

बंद दारापासून गुणांपर्यंत

गुणपद्धतीचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. तिच्या मागचा इतिहास पाहिला म्हणजे ते महत्त्व कळते. स्थलांतरिताने आपल्या मायदेशातून मध्ये कोठेही न थांबता सलग प्रवास करूनच आले पाहिजे, असा नियम कॅनडाने १९०८ साली केला. भारतातून तशी सलग प्रवासाची सोय उपलब्ध नव्हती. साहजिकच हिंदी माणसाचे नावही न घेता त्याला दार बंद झाले. १९१४ च्या मे महिन्यात ‘कोमागाता मारू’ हे जहाज ३७६ प्रवाशांसह व्हँकुव्हरच्या बंदरात आले. दोन महिने ते तेथे खोळंबून राहिले आणि मोजक्या प्रवाशांचा अपवाद वगळता बाकीच्यांना तसेच परत पाठविण्यात आले. कलकत्त्याजवळ बजबज येथे त्यांपैकी काही जण गोळीबाराला बळी पडले. या प्रकरणाबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत क्षमायाचना केली ती २०१६ साली. १९६२ च्या नियमांनी प्रवेशातील वंशभेद बव्हंशी दूर केला आणि पाच वर्षांनी गुणपद्धती आली. जन्म पाहणाऱ्या नियमाकडून गुण पाहणाऱ्या नियमाकडे झालेला हा प्रवास निःसंशय मोठा आहे.

तथापि हा प्रवास बंदरापर्यंतचा, आजच्या भाषेत विमानतळापर्यंतचा आहे. तेथून कारखान्याच्या, इस्पितळाच्या वा कचेरीच्या दारापर्यंतचा रस्ता निराळ्या लोकांच्या ताब्यात आहे. तेथे १९६७ ची कोष्टके चालत नाहीत.

दोन दारे, दोन राखणदार

या विसंगतीचे मूळ कॅनडाच्या राज्यव्यवस्थेत आहे. १८६७ च्या घटना-कायद्यानुसार स्थलांतर हा केंद्र व प्रांत या दोघांचा विषय असून त्यात केंद्राचा शब्द अखेरचा मानला जातो. शिक्षण आणि व्यवसायांचे नियमन हे विषय मात्र प्रांतांचे आहेत. प्रांतांनी आपला अधिकार त्या त्या व्यवसायाच्या स्वायत्त मंडळांकडे सोपविला आहे. इंजिनियर, डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेता, शिक्षक, वकील अशा व्यवसायांत मंडळाच्या परवान्यावाचून स्वतंत्रपणे काम करता येत नाही. कॅनडातील सुमारे पाचव्या हिश्शाच्या नोकऱ्या अशा नियमनाखाली येतात. केंद्र सरकार ज्याला इंजिनियर म्हणून गुण देते, त्याला इंजिनियर म्हणावयाचे की नाही, हे ओंटारिओ प्रांतातील मंडळ ठरविणार.

यातील सर्वांत चमत्कारिक भाग पदवीच्या समकक्षतेचा आहे. अर्ज करतानाच उमेदवाराने मान्यताप्राप्त संस्थेकडून आपली पदवी कॅनडातील अमुक पदवीशी समकक्ष असल्याचा दाखला आणावा, अशी अट २०१३ पासून आहे. हा दाखला पैसे भरून, विद्यापीठाकडून गुणपत्रके पाठवून मिळवावा लागतो. तो हाती आला की आपल्या शिक्षणावर कॅनडाने शिक्कामोर्तब केले, अशी उमेदवाराची समजूत होते आणि ती होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः हा दाखला निवडीच्या कामापुरता असतो. तो परवाना देणाऱ्या मंडळावर बंधनकारक नसतो, नोकरी देणाऱ्यावर तर नसतोच.

व्यावसायिक मंडळांची बाजूही समजून घेतली पाहिजे. हिवाळ्यात तापमान शून्याखाली तीस अंश जाते अशा प्रदेशात पूल बांधणाऱ्याला तेथील बांधकामाचे नियम ठाऊक असलेच पाहिजेत. डॉक्टरच्या चुकीची किंमत रुग्णाला मोजावी लागते. लोकांच्या सुरक्षिततेसाठी परीक्षा घेण्यात गैर काही नाही. परंतु परवान्याची पद्धत सुरक्षितता जपते त्याचबरोबर व्यवसायात आधीच शिरलेल्यांना स्पर्धेपासून संरक्षणही देते, हे अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना जुने आहे. उमेदवारीच्या दीर्घ मुदतीमागे हाच हेतू असल्याचे ॲडम स्मिथने १७७६ मध्येच दाखविले होते. ओंटारिओच्या इंजिनियर मंडळाचा जुना नियम याचे चांगले उदाहरण आहे. परवान्यासाठी एकंदर ४८ महिन्यांचा अनुभव लागे आणि त्यांपैकी किमान १२ महिने कॅनडात, परवानाधारक इंजिनियरच्या देखरेखीखाली काम केलेले असावे लागे. आता परवाना नसलेल्या नवख्याला देखरेखीखाली का होईना, इंजिनियरचे काम कोणी द्यावयाचे? कंपनी विचारी, येथला अनुभव काय. आणि अनुभव तर कंपनीने काम दिल्यावरच मिळणार! वैद्यकीय व्यवसायात हीच अडचण अधिक तीव्र आहे. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही इस्पितळातील प्रशिक्षणाची जागा मिळावी लागते आणि परदेशात शिकलेल्यांच्या वाट्याला येणाऱ्या जागा मोजक्याच असतात.

अनुभवाचे मोल

ज्या व्यवसायांना परवाना लागत नाही, तेथेही ‘कॅनेडियन अनुभव’ हे दोन शब्द कित्येक वर्षे कुलपासारखे काम करीत आले आहेत. याचे एक स्पष्टीकरण मायकेल स्पेन्स यांच्या १९७३ च्या सिद्धांतात मिळते. कॅनडात वाढलेल्या या अर्थशास्त्रज्ञाने असे दाखविले की, मालकाला उमेदवाराची खरी कुवत आधी दिसत नाही, म्हणून तो पदवीसारख्या खुणांवर विसंबतो. खूण ओळखीची असेल तरच तिला किंमत. टोरंटोतील कारखान्याच्या व्यवस्थापकाला टोरंटो विद्यापीठाची पदवी म्हणजे काय ते ठाऊक असते. शिवाजी विद्यापीठाची किंवा सांगलीच्या वालचंद महाविद्यालयाची पदवी म्हणजे काय, हे त्याला कळण्याचे काही कारण नसते. चौकशी करण्याचा खर्च करण्यापेक्षा अर्ज बाजूला ठेवणे त्याला स्वस्त पडते.

अज्ञान एवढेच कारण असते तर प्रश्न सोपा होता. फिलिप ओरिओपोलस या अर्थशास्त्रज्ञाने टोरंटोच्या परिसरातील मालकांना हजारो काल्पनिक अर्ज पाठवून जो प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष येथे पाहण्यासारखे आहेत. इंग्रजी नाव, कॅनडातील शिक्षण व तेथलाच अनुभव असलेल्या शंभर अर्जांपैकी सुमारे १६ अर्जदारांना मुलाखतीसाठी विचारणा झाली. शिक्षण व अनुभव तोच, पण नाव भारतीय, पाकिस्तानी किंवा चिनी, अशा अर्जांत ही संख्या ११ वर आली. नावही परके आणि शिक्षण-अनुभवही परदेशातला, अशा अर्जांत ती अवघी सहाच्या घरात उरली. ११ पासून ६ पर्यंतची घसरण मालकाच्या अज्ञानाने एक वेळ समजावून सांगता येईल. १६ पासून ११ पर्यंतच्या घसरणीला ते कारण पुरत नाही. तेथे फरक केवळ नावाचा होता.

न्यायालयात या गोष्टीची दाद लागणे किती कठीण, हेही एका गाजलेल्या खटल्याने दिसून आले. गणितातील डॉक्टरेट आणि ओंटारिओत शिकविण्याची पात्रता असलेल्या एका भारतीय वंशाच्या महिलेने १९७४ ते १९७८ या काळात सेनेका कॉलेजातील दहा जागांसाठी अर्ज केले. वंशामुळे आपल्याला एकदाही मुलाखतीस बोलावले नाही, असा तिचा दावा होता. प्रांताच्या अपील न्यायालयाने १९७९ मध्ये तिला नुकसानभरपाईचा दावा लावण्यास मुभा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये ती नाकारली. मानवी हक्कांविषयीच्या प्रांतिक कायद्यात यासाठी वेगळी यंत्रणा आहे, तेव्हा स्वतंत्र दावा चालणार नाही, असे न्यायमूर्ती बोरा लास्किन यांच्या निकालपत्राचे सार होते. तिच्या आरोपात तथ्य होते की नाही, हा मुद्दा पुराव्यानिशी कधी तपासला गेलाच नाही. ‘सेनेका कॉलेज विरुद्ध भदौरिया’ या नावाने तो निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही अभ्यासावा लागतो.

ओळखीची वाट

जाहिरात पाहून अर्ज करण्याची वाट अशी अडलेली असली म्हणजे माणूस ओळखीच्या वाटेने जातो. यात स्थलांतरितच तेवढे जातात असे नव्हे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिकेतील एका उपनगरातल्या व्यावसायिक, तांत्रिक व व्यवस्थापकीय नोकरदारांना त्यांची नोकरी कशी मिळाली ते विचारले. निम्म्याहून अधिक जणांना ती ओळखीतून मिळाली होती. त्यातही विशेष हा की, उपयोगी पडलेली माणसे जिवलग मित्र वा नातलग नव्हती. क्वचित भेटणारी, दूरची, दुसऱ्या वर्तुळातली माणसे होती. जवळच्यांना बहुधा तेच ठाऊक असते जे आपल्याला ठाऊक असते. नवी बातमी दूरच्याकडून येते.

परदेशात नव्याने आलेल्याची नेमकी हीच उणीव असते. त्याच्याजवळ दूरच्या ओळखी नसतात. असतात त्या आपल्या भाषेच्या, आपल्या गावच्या, आपल्यासारख्याच अडचणीत सापडलेल्या लोकांच्या. त्या ओळखीतून खोली मिळते, किराणा स्वस्त कोठे ते कळते आणि गोदामातले वा पहारेकऱ्याचे कामही मिळते, कारण ओळख देणारा स्वतः तेथेच काम करीत असतो. त्याच्या ओळखीने त्याच्या पायरीवरचेच काम मिळणार.

मराठी समाजाला ही गोष्ट दूरदेशीची वाटू नये. मुंबईच्या गिरण्या एके काळी याच रीतीने माणसांनी भरल्या. रत्नागिरी जिल्ह्यातून किंवा साताऱ्याकडून आलेला तरुण गाववाल्यांच्या गाळ्यात पथारी टाकी, खाणावळीत जेवे आणि कोणाच्या तरी शब्दाने जॉबरपुढे उभा राही. भरतीचा अधिकार व्यवहारात या जॉबरच्या हाती होता आणि त्यासाठी दस्तुरी मोजावी लागे. १९३१ साली व्हिटले आयोगाने या प्रथेवर कडक टीका केली. १९३५ मध्ये गिरणीमालकांच्या संघाने बदली कामगारांच्या भरतीसाठी योजना आणली, तिचाही एक उद्देश जॉबरचा हा अधिकार आटोक्यात आणणे हा होता. गाववाल्याच्या शब्दाने हजारोंच्या चुली पेटल्या हे खरे, पण ज्याच्या वतीने शब्द टाकणारे कोणी नव्हते त्याला तोच शब्द आडवा आला. अस्पृश्य कामगारांना चांगल्या पगाराच्या विणकाम खात्यात प्रवेश नव्हता, कारण धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागतो असे सांगितले जाई. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोकपणे मांडला होता. ओळखीवर चालणारा कामाचा बाजार कोणाला आत घेतो व कोणाला बाहेर ठेवतो, याचा अनुभव मुंबईने टोरंटोच्या आधी घेतला आहे.

पहिल्या कामाचा सापळा

नवख्या माणसाजवळ शिल्लक मर्यादित असते आणि घरभाडे थांबत नाही. मिळेल ते काम धरावे, बस्तान बसले की आपल्या क्षेत्रातले शोधू, असा विचार तो करतो. तो अव्यवहार्य आहे असे कोण म्हणेल? परंतु या पहिल्या कामाचे व्याज मोठे असते. दहा-दहा तास उभे राहून काम केल्यावर परवान्याच्या परीक्षेचा अभ्यास होत नाही. क्षेत्राबाहेर गेलेली दोन वर्षे अर्जात दिसू लागतात आणि मालक त्यांचा उलटा अर्थ लावतो. कौशल्य वापरले नाही की गंजते. पती-पत्नी दोघेही शिकलेली असतील तर एकाने परीक्षांच्या मागे लागावे व दुसऱ्याने पगार आणावा, अशी वाटणी होते. बहुतेक घरांत माघार कोणी घ्यावयाची हे फारशी चर्चा न होताच ठरते.

कालांतराने सर्व सुरळीत होते, असा दिलासा या विषयावरील जुने संशोधन देत असे. बॅरी चिझविक यांनी १९७८ मध्ये अमेरिकेच्या जनगणनेवरून दाखविले की, परदेशातून आलेले पुरुष प्रारंभी कमी कमावतात, परंतु दहा-पंधरा वर्षांत तेथल्या लोकांना गाठतात. १९८५ मध्ये जॉर्ज बोर्हास यांनी त्यावर आक्षेप घेतला. आधी आलेल्यांची कमाई जास्त दिसते ती ते वेगळ्या काळी, वेगळ्या परिस्थितीत आले म्हणून. आज आलेलाही तेथवर पोहोचेलच असे त्यावरून म्हणता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. कॅनडातील नंतरच्या अभ्यासांनी या शंकेला बळ दिले. १९६० व ७० च्या दशकांत गेलेल्यांच्या तुलनेत पुढच्या दशकांत गेलेल्यांची सुरुवातीची कमाई खालावली आणि परदेशात मिळविलेल्या अनुभवाला बाजारात मिळणारे मोल फार कमी झाले. काकांनी १९७२ साली जाऊन घर बांधले, हा पुतण्याने आज जाण्यासाठी पुरेसा पुरावा नव्हे.

उशिरा झालेली दुरुस्ती

कॅनडात या प्रश्नाची दखल घेतली गेली नाही असे नाही. व्यावसायिक मंडळांचा कारभार न्याय्य असावा म्हणून ओंटारिओने २००६ साली कायदा केला. कॅनेडियन अनुभवाची सरसकट अट हा सकृद्दर्शनी भेदभाव होय, असे तेथील मानवी हक्क आयोगाने २०१३ मध्ये जाहीर केले. २०२१ च्या कायद्याने वैद्यकीय व्यवसाय वगळता अन्य नियमित व्यवसायांत परवान्यासाठी ही अट घालण्यास मनाई करण्यात आली आणि २०२३ मध्ये इंजिनियर मंडळाने आपली १२ महिन्यांची अट काढून टाकली. २५ वा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना नोकरीच्या जाहिरातीतही अशी मागणी करता येणार नाही, हा नियम १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला. गुणपद्धतीच्या आरंभापासून मोजले तर या दुरुस्त्यांना चार ते सहा दशके लागली. शिवाय जाहिरातीतून काढलेली अट मालकाच्या मनातून निघाली की नाही, हे कायद्याला पाहता येत नाही.

जर्मनीने २०१२ च्या कायद्याने निराळी रीत स्वीकारली. परदेशी अर्हतेची तेथील अर्हतेशी तुलना करून घेण्याचा हक्क अर्जदाराला मिळाला, आणि तो देश सोडण्यापूर्वीही बजावता येतो. काय कमी पडते ते लेखी कळते व तेवढेच भरून काढता येते. जर्मन भाषेची अट मोठी आहे, कागदपत्रांचा व्याप कंटाळवाणा आहे. पण कामाच्या दाराची बातमी देशाच्या दारापूर्वी मिळते, हा लाभ लहान नाही.

इकडची जबाबदारी

१९७० च्या दशकात जगदीश भगवती यांनी बुद्धिमंतांच्या निर्गमनावर कर बसविण्याची कल्पना मांडली, तेव्हा गरीब देशाचे नुकसान तो श्रीमंत देशाचा लाभ, असा हिशेब गृहीत होता. महाराष्ट्राच्या करदात्यांच्या पैशावर शिकलेला इंजिनियर टोरंटोत टॅक्सी चालवितो, तेव्हा या हिशेबात कोणाच्याच खात्यावर जमा काही दिसत नाही. टॅक्सी चालविण्यात कमीपणा मुळीच नाही. पण त्यासाठी चार वर्षांचे तंत्रशिक्षण आणि आईवडिलांची आयुष्यभराची शिल्लक खर्चण्याची गरज नव्हती.

येथून जाणाऱ्यांसाठी भारतात १९८३ चा निर्गमन कायदा आहे. त्याचा रोख परदेशी मालकांसाठी भरती करणाऱ्या दलालांवर आणि विशेषतः आखाताकडे जाणाऱ्या अल्पशिक्षित कामगारांच्या संरक्षणावर आहे. कायम वास्तव्याचा अर्ज भरणारा पदवीधर त्याच्या कक्षेबाहेर राहतो. त्याला वाटाड्या म्हणून मिळतो तो शुल्क घेऊन अर्ज भरून देणारा सल्लागार. हा सल्लागार देशाच्या दाराविषयी तपशीलवार सांगतो, कारण त्याची कमाई तेथपर्यंतच आहे. त्यातच कॅनडाने आता हात आखडता घेतला आहे. २०२५ साठी पाच लाख स्थायिकांचे जे लक्ष्य होते, ते ऑक्टोबर २०२४ मध्ये ३ लाख ९५ हजारांवर आणण्यात आले आणि विद्यार्थ्यांच्या परवान्यांवरही त्याच वर्षी मर्यादा घातली गेली. दार अरुंद झाले म्हणजे त्यातून नेण्याचे आश्वासन देणाऱ्यांचे दर वाढतात.

राज्य शासनाला यात करण्यासारखे काही आहे. बाडेन-व्युर्टेंबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार महाराष्ट्राने २०२४ मध्ये केला. त्याचे यश किती माणसे गेली यापेक्षा किती जणांना आपल्या कौशल्याचे काम मिळाले यावर मोजले पाहिजे. असे करार नसलेल्या देशांबाबतही व्यवसायवार माहिती देणे अवघड नाही. कोणत्या प्रांतात कोणता परवाना लागतो, कोणत्या परीक्षा येथूनच देता येतात, किती काळ पगाराविना काढावा लागेल, हे विद्यापीठांच्या मार्गदर्शन केंद्रांतून मराठीत सांगता येईल. परदेशी मंडळांना हवी असलेली अभ्यासक्रमाची प्रमाणित विवरणे मिळण्यासाठी पदवीधरांना विद्यापीठाच्या खिडकीवर महिनोन् महिने खेटे घालावे लागू नयेत, एवढी व्यवस्था तर उद्याही होऊ शकेल.

माणसे जाणारच, कोकणातून मुंबईला गेली तशीच ती मुंबईतून टोरंटोला जाणार. निघणाऱ्या माणसाने आणि त्याला निरोप देणाऱ्या घराने प्रवेशाच्या परवान्याचा आनंद जरूर करावा, पण तो परवाना म्हणजे नोकरीचे पत्र नव्हे, हे पैसे भरण्यापूर्वी समजून घ्यावे. आणि ज्या देशाने पदवी पाहून माणूस निवडला, त्याने त्या पदवीची किंमत निवडीच्या दिवशीच स्पष्ट सांगावी, ही मागणी कोणाच्याही मेहेरबानीची नाही. निवडणाऱ्याची ती जबाबदारीच आहे.